उंबरठा उंच नको, आसन ठेंगणे नको



आमच्या मातोश्रींचे वय आता ७४. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. दर तीन महिन्यांनी नागपूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे लागते. भंडाऱ्याहून अंतर सुमारे ६० किलोमीटर, रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. तरीही वर्षभर त्या घराबाहेर पडेनात. आप्तांकडील लग्न असो वा मंदिरातील विधान असो, “तुम्ही जाऊन या, मी घरी जाप करते” हे उत्तर ठरलेले. आम्ही यास विरक्ती समजत होतो. एके दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरलेली आणि डोळ्यांत पाणी आलेले आमच्या सौभाग्यवतींनी पाहिले, तेव्हा खरे कारण उमगले. आमची गाडी ठेंगणी होती. तीत शिरताना वाकून जवळजवळ खड्ड्यात बसावे लागे आणि उतरताना साऱ्या देहाचा भार गुडघ्यांवर येई.

नवी गाडी घेण्याची ऐपत त्या वर्षी नव्हती. धानाच्या व्यवहारातील उधारी अडकलेली, धाकटीचे शिक्षण चालू. सर्व खर्च धरून ३ लाख रुपये, एवढीच मर्यादा. तेव्हा जुनी गाडी घेणे ठरले. त्या शोधात जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो. कारण गुडघे दुखणारे वडीलधारे आज बहुतेक घरांत आहेत.

पहिली गोष्ट अशी की, गाडी पाहावयास जिच्यासाठी ती घ्यावयाची तिलाच न्यावे. आम्ही आधी भाऊ-भाऊच जाऊन गाड्या पाहत होतो; रंग, चाके, टेपरेकॉर्डर यांवर चर्चा करीत होतो. मातोश्रींना नेल्यावर पाच मिनिटांत निकाल लागू लागला. त्यांनी दाराशी पाठ करून उभे राहावे. आसनाची कड मांडीच्या मध्याच्या आसपास आली तर उत्तम: आधी मागे टेकावे, मग दोन्ही पाय एकदम आत वळवावे. आसन गुडघ्याच्या पातळीला आले तर ती गाडी त्यांच्या कामाची नाही. उलट, मोठ्या उंच गाड्यांत आसन कमरेच्या वर जाते व पाय उचलून चढावे लागते. तेही तितकेच कठीण. दाराचा उंबरठाही पाहावा. तो उंच व रुंद असेल तर पाय अडखळतो. दार पुरेसे उघडते काय, डोके न वाकवता आत शिरता येते काय, दाराच्या वर धरावयास मूठ आहे काय, पुढील आसन मागे सरकते काय, हे सर्व तीन वेळा चढून-उतरून पाहावे. एका वेळी बसणे जमते. थकवा तिसऱ्या वेळी कळतो.

या कसोटीस उभ्या छताच्या लहान गाड्या उतरतात. मारुतीची वॅगनआर १९९९ च्या डिसेंबरात आली, ती याच घडणीची. तिची २०१९ पासूनची आवृत्ती १६७५ मिलिमीटर उंच आहे. त्याच कंपनीची २०१७ मध्ये आलेली डिझायर १५१५. अर्धा फूट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण दुखऱ्या गुडघ्याला विचारावे. याच घडणीत जुनी सँट्रो व २०१६ पर्यंत विकली गेलेली रिट्झ यांचाही विचार होऊ शकतो. या गाड्यांचे सुटे भाग आपल्या तालुक्याच्या गावीही मिळतात, ही सोय लहान नव्हे.

मात्र एक उणीव लपवू नये. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत वॅगनआरला २०१९ मध्ये पाचपैकी २ तारे मिळाले आणि २०२३ मध्ये कठोर निकषांखाली १. शिवाय चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या पुष्कळ साध्या गाड्यांत ती नाही. म्हणून दोन एअरबॅगा व एबीएस असलेली प्रत मिळत असेल, तर दहा-पंधरा हजार अधिक मोजावेत. महामार्गावर वेग आवरावा आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

सीएनजीची गाडी खर्चाला हलकी, पण टाकी मागची जागा व्यापते. वॉकर किंवा चाकाची खुर्ची ठेवावयाची असेल तर आधी ठेवून पाहावी. आसनांना चामड्याचे आवरण आपल्या घरात चालणार नाही. साधे कापड बरे. रेक्झिनवर वळणे सोपे, परंतु आपल्याकडच्या मे महिन्यात ते तव्यासारखे तापते.

आता फसवणुकीविषयी. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात एका रात्रीत वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. आम्हासही एक गाडी बाजारभावाहून ४० हजारांनी स्वस्त सांगण्यात आली. बयाणा देण्यास हात खिशात गेला होता. सोबत आलेल्या मिस्त्रीने चालकाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. टोकाकडे वाळलेल्या गाळाची रेघ होती. आसनाखालचे स्क्रू गंजलेले. विकणाऱ्याने विषय बदलला, आम्ही परतलो. पोत्याच्या तोंडावरचा धान पाहून आपण सौदा करीत नाही, आतली मूठ काढतो, गाडीचेही तसेच. मिस्त्रीला दिलेले ५०० रुपये हा त्या वर्षीचा आमचा सर्वांत सार्थ खर्च ठरला.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचे टायर असतील, तर नव्यांचा खर्च भावातून वजा करावा. भाव ठरविण्यापूर्वी त्याच गाडीची नवी किंमतही विचारावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचे जुने भाव कोणी सांगू लागल्यास मान्य करू नयेत.

कागदपत्रांत आळस नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. किती उरली ते मोजावे. नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेतल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली चलाने पाहावीत. फॉर्म २९ व ३० भरून नावांतर करावे. राज्यांतर्गत विक्रीची खबर १४ दिवसांत परिवहन कार्यालयास देणे कायद्याने बंधनकारक आहे. विमाही आपल्या नावे करून घ्यावा. हे विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे. आपल्यात शब्दावर व्यवहार होतो, ते भूषणच. परंतु नोंदणीत नाव राहिले तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेवटी आम्ही २०१६ ची, ‘एमएच ३६’ क्रमांकाची, एअरबॅगा असलेली वॅगनआर २ लाख ५५ हजारांस घेतली. उरलेल्या ४५ हजारांत चार टायर, बॅटरी, विमा व नावांतर भागले. मूळ मर्यादेतील हा सहावा-सातवा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवला नसता, तर घेतलेली गाडी महिनाभर दारात उभी राहिली असती.

दुकानावर एका व्यापारी मित्राने थट्टा केली, “शेठ, इतक्या वर्षांनी हीच गाडी?” मी हसलो. आम्ही पत पेढीच्या वहीत सांभाळतो, दारातल्या गाडीत नव्हे.

गेल्या पौर्णिमेस मातोश्री रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास येऊन आल्या. परतताना घराशी गाडी थांबली. मी धावत दार उघडावयास गेलो, तो त्या आधीच उतरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “पुढच्या वेळी मावशीलाही घेऊ. तिचेही गुडघे दुखतात, पण ती सांगत नाही.”

आपल्याही घरात कोणी सांगत नसेल. एकदा विचारून पाहावे.