हक्काचा सातबारा

१० डिसेंबर जवळ आला की मानवी हक्क दिनाची भाषणे तपासून देण्याचे काम माझ्याकडे येते. भाषण उर्दूतले असो की मराठीतले, मास्तर एकच. काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीचे भाषण मी असेच बसवून दिले. त्यात एक वाक्य होते, 'भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आहे.' हे वाक्य तिचे नव्हते, माझे होते. मोबाईलवर फिरत आलेल्या एका लेखातून मी ते उचलले होते. तालुक्याच्या स्पर्धेत परीक्षकांनी तिला प्रेमानेच विचारले, "कोणत्या साली स्वीकारला, बेटा?" तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

साखऱ्याला परत येताना ती काही बोलली नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा मूळ कागद शोधायला बसलो. भारताने त्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली आहे, पण तो स्वीकारल्याची, म्हणजे अनुसमर्थनाची नोंद नाही. २०१० साली लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे माझे वाक्य साफ चुकीचे होते. चूक मास्तरची आणि मान खाली गेली मुलीची.

आमच्या भागात हळदीच्या, सोयाबीनच्या पैशातून एकरभर जमीन घेणारा माणूस कितीही अडाणी असला तरी आधी सातबारा पाहतो. नाव कोणाचे, फेरफार झाला का, 'इतर अधिकारा'च्या रकान्यात कोणत्या सोसायटीचा, बँकेचा बोजा आहे का, हे सगळे तपासतो. शेजाऱ्याच्या सांगण्यावर कोणी इसार देत नाही. मग हक्कांच्या बाबतीतच आपण ऐकीव गोष्टीवर का चालतो? भाषणात, मोर्चात, निवेदनात 'युनोने असे म्हटले आहे' असे आपण ठोकून देतो. कुठे म्हटले, कधी म्हटले, ते कोणावर बंधनकारक आहे, याचा पत्ता नसतो. हदीस ऐकली की आधी रावी कोण ते विचारायचे, ही शिस्त ज्या समाजात शेकडो वर्षांपासून आहे, त्या समाजाने तरी मोबाईलवरच्या मजकुराचा रावी विचारायला हवा.

माझे म्हणणे एवढेच आहे. हक्क मागणाऱ्याचा कागद पक्का हवा. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याची चूक खपून जाते. दुबळ्याच्या दहा खऱ्या तक्रारी मात्र एका चुकीच्या दाखल्यामुळे उडवून लावल्या जातात.

हा कागद शोधायचा कसा? मी शिकलो ते सांगतो. मी वकील नाही, बी.एड. झालेला शिक्षक आहे. मला जमले ते कोणालाही जमेल.

पहिली गोष्ट, मूळ दस्त पाहायचा. १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आपण सर्वांत जास्त वापरतो. त्यात ३० कलमे आहेत. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता. तिथे 'सर्व माणसे' यावे म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि तो बदल झाला. पण जाहीरनामा हा जाहीरनामा आहे, करार नव्हे. देशांना बांधून घेणारे दोन मोठे करार १९६६ साली आले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारताने १० एप्रिल १९७९ रोजी दोन्ही स्वीकारले.

दुसरी गोष्ट, इसारपावती आणि खरेदीखत यांतला फरक. सही म्हणजे इसार, अनुसमर्थन म्हणजे खरेदीखत. संयुक्त राष्ट्रांचा करारसंग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. प्रत्येक करारापुढे देशाचे नाव, सहीची तारीख आणि स्वीकारल्याची तारीख दिलेली असते. मानवी हक्कांचे प्रमुख करार नऊ मानले जातात. त्यांतले सहा भारताने स्वीकारले आहेत. छळविरोधी आणि सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा, अशा दोन करारांवर फक्त सही आहे. स्थलांतरित कामगारांच्या करारावर सहीसुद्धा नाही. एवढा तक्ता मला आधी माहीत असता तर त्या मुलीची मान खाली गेली नसती.

तिसरी गोष्ट, बोजा. करार स्वीकारताना देश काही अटी घालतो, काही निवेदने करतो. तीही त्याच संग्रहात, त्याच पानावर खाली असतात. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार भारताने ९ जुलै १९९३ रोजी स्वीकारला. त्याबरोबर एक निवेदन जोडले. कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाला धरूनच विवाह-कुटुंबाविषयीची कलमे पाळू, असा त्याचा आशय आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावर दोन्ही बाजूंनी घसा फोडणाऱ्या किती जणांनी हे वाक्य वाचले असेल? मी तर चाळिशी ओलांडल्यावर वाचले. वाचल्यावर वाद संपत नाही, पण प्रश्न नीट कळतो. पुढाकार कोणाचा? संमती कोणाची? समाज म्हणजे फक्त मंचावर बसलेले पुरुष, की घरातल्या बायकाही? आपल्याच महाराष्ट्रात १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी विधानभवनावर मोर्चा नेला होता. पुढाकाराची मोजणी करताना त्या सात जणी कोणत्या रकान्यात लिहायच्या, हा प्रश्न मला कागदाने विचारला. कोणत्याही भाषणाने विचारला नव्हता.

चौथी गोष्ट, कलमाचा अर्थ. कलम दोन ओळींचे असते. त्याचा अर्थ लावायला प्रत्येक करारासाठी तज्ज्ञांची समिती असते आणि ती वेळोवेळी सविस्तर टिप्पण्या काढते. शिक्षणाच्या हक्कावरची १९९९ ची १३ वी टिप्पणी प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. शाळा उपलब्ध हवी, तिथे पोहोचता यायला हवे, शिक्षण मुलांना व पालकांना स्वीकारार्ह आणि दर्जेदार हवे, आणि मुलांच्या गरजेप्रमाणे वळणारे हवे, अशा चार कसोट्या त्यात आहेत. उर्दू शाळेत विज्ञानाचा शिक्षक नसतो, तेव्हा आपण 'अन्याय' हा एकच शब्द वापरतो. या कसोट्या हातात असल्या की नेमके बोलता येते. शाळा आहे, पण शिक्षण पुरेसे उपलब्ध नाही. बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. अल्पसंख्य समाजातल्या मुलाला स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे त्याचे ३० वे कलम सांगते. निवेदनात एवढे लिहिले तरी निवेदनाचे वजन बदलते.

पाचवी गोष्ट, इथल्या न्यायालयाने काय केले. आंतरराष्ट्रीय करार आपोआप भारताचा कायदा होत नाही. पण न्यायालय त्याचा आधार घेते. केवळ कराराने ठरलेले देणे फेडता आले नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये, असे नागरी हक्कांच्या कराराचे ११ वे कलम आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला. ऐपत असून बुडवणारा वेगळा आणि खरोखर हात टेकलेला कर्जदार वेगळा, असे न्यायालयाने सांगितले. कर्जात बुडालेल्या आमच्या मराठवाड्याला याहून जवळचा निकाल कोणता? १९९७ च्या विशाखा निकालात नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचे नियम न्यायालयाने स्त्रियांच्या त्याच कराराच्या आधाराने घालून दिले. तोवर त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीतही येऊ लागले आहेत.

आता खरी अडचण. जाहीरनामा मराठीत आहे, उर्दूतही आहे. पण टिप्पण्या, समित्यांचे अहवाल, देशांची उत्तरे हे सारे संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत असते आणि त्यांत आपली भाषा नाही. आमच्या गावातला हुशार मुलगा तिथे अडतो. त्याला अक्कल कमी नसते, इंग्रजी कमी असते. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयात संयुक्त राष्ट्रांची प्रकाशने आहेत, पण साखऱ्याहून पुणे किती लांब आहे हे एसटीत बसणाऱ्यालाच कळते.

आपल्या राज्याचे भाषा संचालनालय कायद्यांचे मराठी अनुवाद करते. त्याने हे नऊ करार, त्यांवरची भारताची निवेदने आणि निदान शिक्षण, स्त्रिया, मुले यांवरच्या टिप्पण्या मराठीत आणाव्यात, अशी मागणी आपण करायला हवी. आणि कोणी म्हणू नये की हे विषय आपल्या भाषेला पेलणार नाहीत. हक्क, करार, जाहीरनामा, कलम, मसुदा, वकील, फिर्याद हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी झाले. ज्या वर्गात मी उर्दू शिकवतो आणि ज्या वर्गात मराठी, त्या दोन्ही वर्गांत ते सारखेच समजतात. घर बांधायला लागणारे दगड आपल्याच आवारात पडले आहेत.

तोवर शिक्षकांनी एवढे करावे. भाषणात एखादा आंतरराष्ट्रीय दाखला आला तर मुलाला तीन प्रश्न विचारावेत. कोणता कागद? कोणती तारीख? भारताने तो स्वीकारला का?

ती मुलगी पुढच्या वर्षी अकरावीला गेली आणि पुन्हा बोलली. या वेळी तिचे वाक्य होते, "भारताने छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, पण तो अजून स्वीकारलेला नाही. का, हे विचारायला मी उभी आहे." परीक्षकांनी काही विचारले नाही. वाक्य तिचे स्वतःचे होते, आणि या वेळी तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.