पालुपदाची बदनामी
‘पुन्हा तेच पालुपद!’ असं आपण वैतागून म्हणतो. गाण्यातल्या पालुपदाचा मात्र कुणाला वैताग येत नाही. प्रत्येक कडव्यानंतर फिरून येणारी ती ओळ, म्हणजेच ध्रुपद. तुकोबांच्या छापील गाथेत बहुधा दुसऱ्या चरणापुढे ‘ध्रु.’ दिसतं, ते याच ओळीसाठी. कीर्तनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद उचलतात. बुवांना दम घ्यायला मिळतो, अभंग पाठ नसलेलाही गाऊ लागतो. पोवाड्यात हे काम झीलकऱ्यांचं (त्यांचं ‘जी जी रं जी’ न ऐकलेला मराठी माणूस विरळाच). शिवाय दर कडव्यामागून येताना तीच ओळ थोडी वेगळी लागते. पुढाऱ्यांच्या भाषणातल्या पुनरुक्तीला ‘पालुपद’ हा शब्द बहाल करू नये. तिला ‘टकळी’ पुरे.