लाल गाडीचं बिऱ्हाड

गेल्या आठवड्यात मित्राच्या मुलाचा फोन आला. नोकरीसाठी न्यू जर्सीहून सिॲटलला चाललाय. सामान बांधणारे ठरलेत, घर मिळालंय, अडकलंय ते गाडीपाशी. दोन सीटची, बुटकी, नवी घेतलेली नसली तरी जीव लावलेली. "काका, विकू, चालवत नेऊ, की ट्रकवर टाकू?" प्रश्न एका ओळीचा होता, माझं उत्तर पाऊण तास चाललं. बायको आतून म्हणाली, "अरे, त्यापेक्षा लिहून टाक एकदाचं." तर मंडळी, हे ते लिहिणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे 2001 सालची लाल माझदा मियाटा आहे. नातेवाइकांत तिला 'डबी' म्हणतात. माणसं दोन मावतात, तिसरं कोणी आलं की एकाला घरी ठेवावं लागतं. डिकीत महिन्याचं वाणसामान बसत नाही. गियर हाताने टाकायचे. जमिनीपासून जेमतेम पाच इंच वर. व्यवहारी माणसाने घ्यावी अशी ही वस्तूच नव्हे, आणि मी ती चाळिशी उलटल्यावर घेतली, म्हणजे बघा.

2022 च्या मार्चमध्ये आम्ही एडिसनहून फ्रीमॉन्टला बिऱ्हाड हलवलं. जवळजवळ 2,900 मैल. तेव्हा घरात जे गणित मांडलं गेलं ते सगळ्यांकडे मांडलं जातं: गाडीची किंमत इतकी, न्यायचा खर्च इतका, म्हणून विकून टाक. गणित चुकीचं नव्हतं. पण सोफ्याच्या बाबतीत ते कोणी मांडत नाही! आमचा सोफा न्यायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडले असतील, पण सोफा 'घरातला' आणि गाडी 'शौक', त्यामुळे हिशोब फक्त शौकाचा.

माझ्या हट्टामागे एक जुनी गोष्ट आहे. बाबा बँकेत होते. 1984 साली कोल्हापूरहून नांदेडला बदली झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बाबांकडे येझदी होती. ट्रकमध्ये जागा नव्हती. रेल्वेने पाठवायची तर टाकीतलं पेट्रोल काढा, गोणपाट गुंडाळा, पार्सल ऑफिसात खेटे घाला. कोण करणार? निघायच्या चार दिवस आधी एका दूधवाल्याला विकली. तो किक मारून गेला आणि आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला. बाबा आत येऊन ट्रंकांना दोऱ्या बांधायला लागले. नंतर नांदेडला स्कूटर आली, पुढे मारुतीही आली. पण मोटरसायकल पुन्हा आली नाही. म्हणून मी बायकोला सांगितलं, फ्रीज विक, डबी येणार. ती हो म्हणाली. (फ्रीजही आलाच.)

आता चालवत न्यायचं. हे ऐकायला फार छान वाटतं. छप्पर उघडं, समोर नेब्रास्काचा सरळ रस्ता वगैरे. मी नकाशाही काढला होता, आय-80 न्यू जर्सीतून निघतो तो थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत. पण मार्चमध्ये वायोमिंगमध्ये हा रस्ता बर्फाने आणि वाऱ्याने वरचेवर बंद पडतो. मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी, उन्हाळी टायर, आणि माझी कंबर, जी दोन तासांच्या वर बसू देत नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, मी नेतो ना." वय बावीस. त्याच्या आईने नुसतं बघितलं, विषय संपला. पेट्रोल तेव्हा चार डॉलरच्या वर गेलं होतं, त्यात पाच मुक्काम धरले तर फार पैसेही वाचत नव्हते. भाड्याच्या ट्रकमागे ट्रेलर लावून ओढायचाही विचार झाला. पण एकतर सामान आम्ही स्वतः नेणार नव्हतो, आणि दुसरं म्हणजे इतक्या बुटक्या गाडीचं दार त्या ट्रेलरच्या चाकांवरच्या पत्र्याला अडतं. गाडी चढवाल, पण मग आतून उतराल कसे?

राहिला ट्रक. इथे मला खरं म्हणायचंय ते सुरू होतं.

फोन केला की जो गोड बोलतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा ट्रक नसतो. तो दलाल असतो. तो तुमची गाडी एका लोड बोर्डवर टाकतो, अमुक गाव ते तमुक गाव, इतके डॉलर, आणि ट्रकवाले त्यातून परवडेल ते उचलतात. मला चार भाव आले. सगळ्यात स्वस्त 900, बाकीचे उघड्या ट्रेलरचे 1,500 च्या आसपास, बंद ट्रेलरचा 2,600. मी शहाणा, 900 वाला धरला. दहा दिवस कोणी गाडी उचलली नाही. उचलणार कशी? त्या भावात कोणत्याच ट्रकवाल्याला परवडत नव्हतं. घर रिकामं करायला दोन दिवस राहिले तेव्हा फोन, "सर, मार्केट वर गेलंय, 1,550 करा, उद्या ट्रक येतो." केले. काय करणार? पहिला भाव कमी सांगायचा आणि तुमच्या गळ्याशी आलं की वाढवायचा, ही या धंद्यातली जुनीच रीत आहे हे मला नंतर कळलं. त्या दलालाला मी चोर म्हणणार नाही. 900 ऐकायला मीच उत्सुक होतो.

ट्रक आला तो एक पंजाबी गृहस्थ घेऊन. कॅलिफोर्नियातलेच राहणारे, पन्नाशीचे. आमच्या गल्लीत ट्रक शिरेना म्हणून समोरच्या मॉलच्या पार्किंगमध्ये भेटलो. गियरची गाडी बघून ते खूश झाले. दिवसाउजेडी त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, मीही काढले. गाडी आदल्या दिवशी धुतली होती, कारण मळाखाली जुने ओरखडे दिसत नाहीत. टाकीत पाव टाकी पेट्रोल. इथपर्यंत मी अगदी पुस्तकातल्यासारखा वागलो. मग त्यांनी डिकी उघडली. आत प्रेशर कुकर, पोळपाट आणि मसाल्याचा डबा! बायकोने जागा वाया जायला नको म्हणून भरलं होतं. ते हसून म्हणाले, "भाभीजी, हे काढा, गाडीतल्या सामानाचा विमा नसतो." कुकर आमच्याबरोबर विमानाने आला.

टोलचा ई-झेडपास मात्र काचेवरच राहिला. तो काढून ठेवायचा असतो. पुढच्या दिवसांत माझ्या खात्यावर आधी ओहायोचा आणि मग इंडियानाचा टोल पडला. दलालाचा माणूस रोज "गाडी वाटेत आहे" एवढंच सांगायचा. त्या दोन टोलांइतकी खरी बातमी मला संपूर्ण प्रवासात दुसरी मिळाली नाही :)

नवव्या दिवशी रात्री साडेनऊला गाडी फ्रीमॉन्टला पोचली. बारीक पाऊस होता, पार्किंगमधले दिवे पिवळे. गृहस्थ थकलेले, पुढे आणखी तीन गाड्या उतरवायच्या होत्या. घरी थर्मासमध्ये चहा केला होता, तो त्यांना दिला. हिंदीत गप्पा झाल्या, त्यांची मुलगी नर्सिंग करतेय वगैरे. मी फोनच्या उजेडात गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून खाली बघणार होतो, पण खरं सांगतो, लाज वाटली. आपला माणूस, आपला चहा पितोय, आणि आपण त्याच्यासमोर बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसायचं? कागदावर सही केली. 'नुकसान: काही नाही.'

सकाळी बघतो तर पुढच्या बंपरची खालची कड उजव्या बाजूने चिरलेली. बुटकी गाडी उभ्या रॅम्पवरून उतरताना नाक घासतं, त्यातलाच प्रकार. बंद ट्रेलरवाल्यांकडे बहुधा गाडी आडवीच उचलणारी लिफ्ट असते. 2,600 त्याचेही होते, नुसत्या छपराचे नव्हते.

मग कागद वाचला. जो आधी वाचायचा असतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या वाहतूकदारावर मालाच्या नुकसानीची जबाबदारी टाकणारा कायदा अमेरिकेत 1906 पासून आहे, त्याला कारमॅक दुरुस्ती म्हणतात. दावा करायला निदान नऊ महिने द्यावे लागतात. दावा आल्यावर वाहतूकदाराने 30 दिवसांत पोच द्यायची आणि 120 दिवसांत होय, नाही किंवा तडजोड काय ते सांगायचं. पण ही जबाबदारी ट्रकवाल्याची, दलालाची नाही. दलालाला 75,000 डॉलरचा बाँड ठेवावा लागतो खरा, पण तो तुमच्या बंपरसाठी नसतो. आणि कोऱ्या कागदावर सही केली म्हणून दावा आपोआप बुडत नाही, पण चीर वाटेतच पडली हे मग तुम्हाला सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे न्यू जर्सीतले फोटो होते. उतरवतानाचे नव्हते. दुरुस्ती 640 डॉलर, देऊ केले 250. मी घेतले.

इथले बरेच लोक म्हणतात की ट्रकवाले सगळे एका माळेचे मणी. मला ते पटत नाही. त्या माणसाने जाणूनबुजून काही केलं नाही, त्याला अंधारात कदाचित कळलंही नसेल. माझी तक्रार माझ्याच एका सवयीबद्दल आहे. आपण लोणच्याच्या बरणीला तीन पिशव्या आणि दोन टॉवेल गुंडाळतो, आणि गाडीची किल्ली देताना ट्रक कोणाचा आहे हेसुद्धा विचारत नाही. ओळख निघाली की तपासणं हा अपमान वाटतो. कागद ही अविश्वासाची गोष्ट नाही, हे मला पन्नासाव्या वर्षी 390 डॉलर देऊन कळलं.

त्या मुलाला मी इतकंच सांगितलं: न्यायचीच असेल तर बंद ट्रेलरने ने, नाहीतर विक आणि मोकळा हो. अर्धवट प्रेम करू नकोस. ट्रकवाल्याचा यूएसडॉट नंबर माग, वाहतूक खात्याच्या साइटवर त्याची नोंदणी आणि विमा बघ. घर रिकामं करायच्या तारखेच्या आधी आठवडाभर तरी गाडी देऊन टाक, म्हणजे गळ्याशी येणार नाही. गाडी रात्री आली तर टॉर्च ने, आणि चहा सहीनंतर दे. (कॅलिफोर्नियात येणाऱ्यांसाठी जादा सूचना: रहिवासी झाल्यापासून 20 दिवसांत गाडीची नोंदणी करायची असते. आणि 7,500 मैलांच्या आतली नवी गाडी आणणार असाल तर ती कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमांत बसते का ते निघायच्या आधी बघा. आमच्या डबीचे 61,000 झाले होते, तो प्रश्न आला नाही.)

गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना व्हिडिओवर दाखवली. चिरलेली कड मुद्दाम दाखवली नाही, तरी त्यांनी विचारलंच, "पुढे काय झालंय रे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ते राहू दे. चालू करून दाखव." मी किल्ली फिरवली आणि फोन सायलेन्सरपाशी धरला.