पिन जोडली म्हणजे राखण झाली?

कोथरूडच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयकडून प्रसिद्ध होणाऱ्या एआयएस मानकांवर आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांचे वेळापत्रक चालते. एआयएस-१४० मुळे १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारे उपकरण सक्तीचे झाले. आता बोलणे चालते ते सायबर सुरक्षेच्या एआयएस-१८९ चे आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याच्या एआयएस-१९० चे. त्यात किल्ल्या, सर्व्हर, डिजिटल सह्या सगळे येते. उपकरणाचा ओळखक्रमांक, कॅलिब्रेशनचे आकडे, कधी किलोमीटरसुद्धा मात्र आठ पायांच्या एका स्वस्त सिरियल ईईप्रॉममध्ये पडून असतात. तिचा विषय निघाला की डिझाइन बैठकीत एकच उत्तर मिळते: ‘डब्ल्यूपी पिन जोडली आहे.’

कुठे जोडली आहे? २४ मालिकेच्या आय-टू-सी चिपमध्ये ही पिन वर नेली की लेखन बंद होते. बऱ्याच चिपमध्ये ती आतूनच खाली ओढलेली असते, त्यामुळे मोकळी सोडली तर लेखन खुले राहते. २५ मालिकेच्या एसपीआय चिपमध्ये नेमके उलट: पिन खाली असताना संरक्षण, आणि तेही अटीवर. एका बोर्डावरचे सर्किट दुसऱ्यावर उचलताना इथे हमखास पाय घसरतो.

ती अट नीट समजून घ्यायला हवी. एसपीआय ईईप्रॉममध्ये ही पिन साठवलेल्या माहितीची थेट राखण करतच नाही. ती राखते स्टेटस रजिस्टर. मेमरीचा कोणता भाग बंद, हे त्या रजिस्टरातले बीपी-० आणि बीपी-१ हे बिट ठरवतात: काहीच नाही, वरचा पाव, वरचा अर्धा किंवा सगळी. त्याच रजिस्टरातला सातवा बिट, डब्ल्यूपीईएन (एसटीच्या डेटाशीटमध्ये एसआरडब्ल्यूडी), शून्य असेल तर चिप पिनकडे ढुंकूनही बघत नाही. नवी चिप येते ती हे सगळे बिट शून्य घेऊनच. म्हणजे पिन जमिनीला, सर्किटची आकृती निर्दोष, पण ०१ ही रजिस्टर लिहिण्याची आज्ञा कुणी दिलीच नाही, तर संरक्षण काहीच नाही. उलट पिन थेट जमिनीला जोडली आणि उत्पादन चाचणीत चुकीचे बिट बसले, तर सुधारायला सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावे लागते. म्हणून पिन रोधातून खाली ओढावी आणि शेजारी टेस्ट पॉइंट द्यावा. फिक्स्चरला ती हवी तेव्हा वर नेता येते.

एसपीआय चिपचा स्वभाव घुमा आहे. बंद भागात लिहायला गेलात तर ती आज्ञा गिळून गप्प बसते. लेखन खुले करणारी ०६ आज्ञा पाठवून चिप-सिलेक्ट वर न करताच लेखनाची ०२ पाठवली, तरी तेच. आय-टू-सीमध्ये तर उत्पादकागणिक रीत वेगळी: लेखन बंद असताना मायक्रोचिपची २४एलसी चिप आलेल्या बाइटला होकार देते आणि काही लिहीत नाही, एसटीची एम२४ होकारच देत नाही. टंचाईत ‘पिनला पिन जुळते’ म्हणून खरेदी विभागाने बदली चिप लावली की फर्मवेअरमधली त्रुटी-तपासणी मुकाट्याने निकामी होऊ शकते.

फ्लॅशवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. चार वाहिन्यांचा वेग मिळवायला क्यूई बिट लावला की डब्ल्यूपी पिन डेटाची वाहिनी बनते, राखणदार उरत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ईसेटने उघड केलेल्या लोजॅक्स या घातक सॉफ्टवेअरने संगणकांच्या एसपीआय फ्लॅशमध्येच ठाण मांडले होते. चिपसेटमधले लेखनबंदीचे बिट नीट लावलेले नसले की त्याचे काम सोपे होत असे.

आमचा आग्रह असा, की डिझाइन तपासणीच्या यादीतून ‘डब्ल्यूपी जोडली का?’ हा प्रश्न काढावा आणि ०५ आज्ञेने वाचलेला स्टेटस रजिस्टरचा आकडा लिहायला तिथे रकाना ठेवावा. फर्मवेअरनेही वीज आल्यावर दर वेळी तो वाचून ताडावा. वेगळा निघाला तरच लिहावा. ‘असू द्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून दर वेळी लिहू नये. ते बिटही झिजणाऱ्याच पेशींत असतात, आणि लिहितानाच वीज गेली तर काय उरेल याचा भरवसा नाही.

हे सारे अपघातासाठी आहे: पुरवठा घसरताना भरकटलेला प्रोसेसर, चुकलेला पॉइंटर. क्लिप लावून बसलेल्या माणसासाठी नव्हे. जुन्या डॅशबोर्डांतल्या साध्या ९३सी४६ ला तर अशी पिनच नसते. वीज येताच ती लेखनबंद असते आणि ईडब्ल्यूईएन आज्ञा मिळाली की उघडते. प्रोग्रामर ती आज्ञा देतोच. तेव्हा एआयएस-१८९ साठी धोक्यांचा तक्ता भरताना ‘किलोमीटर मागे फिरवणे’ या ओळीसमोर डब्ल्यूपी लिहू नका. तिथे दुसऱ्या ईसीयूत ठेवलेली समांतर नोंद किंवा किल्लीने सही केलेला आकडा हवा.