पैलतीर गाठला म्हणजे निर्णय बरोबर होता?

जुलै २०२२ मध्ये नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्याला पुराने वेढले असताना करोडी गावचा एक नवरदेव थर्माकोलच्या तराफ्यावर बसला आणि सुमारे सात किलोमीटरचे पुराचे पाणी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातील संगम चिंचोलीला, वधूच्या गावी पोहोचला. बाशिंग बांधण्याआधीच त्याने नदी जिंकली, अशा थाटात ही बातमी देशभर गेली. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रसन्न करणारे प्रसंग थोडेच घडतात, त्यामुळे हे कौतुक समजण्यासारखे होते. मात्र त्या कौतुकात एक प्रश्न मागे राहिला. तराफा सुखरूप पोहोचला, एवढ्यावरून तो पाण्यात घालण्याचा निर्णय शहाणपणाचा होता असे ठरते काय?

धोक्याचा अंदाज बांधताना माणसाची सर्वांत मोठी चूक येथेच होते. परिणाम चांगला झाला की निर्णयही चांगलाच होता, असे तो गृहीत धरतो. पूर आलेली नदी दहा वेळा ओलांडून नऊ वेळा सुखरूप पोहोचणारा माणस स्वतःला पाण्यातला जाणकार समजू लागतो. वास्तविक त्या नऊ खेपांनी त्याला नदीविषयी फारसे काही शिकवलेले नसते. त्याची भीती मात्र नऊ वेळा कमी झालेली असते.

त्यात तराफ्याचा स्वभावच फसवा. शिडाच्या जोडहोडीला जगभर ज्या नावाने ओळखतात तो ‘कॅटमरान’ हा शब्द मूळ तमिळ ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवरून आला. त्या नात्याने कयाधू-पैनगंगेच्या पुरातला थर्माकोलचा तराफा तिचा गरीब भाऊबंदच म्हणायचा. रुंद बैठक हे दोघांचेही बळ. अरुंद होडी लाटेबरोबर लगेच कलते, त्यामुळे बसलेला माणूस वेळीच सावध होतो. रुंद बैठकीची नौका बराच वेळ हलत नाही आणि त्यामुळे सुरक्षित वाटते. परंतु एका मर्यादेपलीकडे ती उचलली गेली की उलटते, आणि उलटल्यावर जवळजवळ तितक्याच स्थिरपणे उलटीच राहते. समुद्रावर छोटी कॅटमरान हाकणारे कसलेले खलाशी वारा वाढण्याआधीच शीड आखडते घेतात, ते यासाठीच. थर्माकोलच्या तराफ्याला तर आखडण्यासारखे काहीच नसते.

वाऱ्याचे गणितही साध्या अनुभवाला चकवणारे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. वाहत्या पाण्याच्या रेट्यालाही हाच हिशेब लागू पडतो. ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात निभावलेली होडी चाळीसच्या वाऱ्यातही ‘थोडा त्रास होऊन’ निभावेल, हा अंदाज म्हणूनच चुकतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यानची प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली; एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. वळवाच्या ढगाखालून निघणारा वारा बहुधा पावसाच्या आधी येऊन धडकतो. क्षितिजावर काळोखी दिसणे आणि पाणी खवळणे यांत काही मिनिटांचेच अंतर असू शकते आणि जलाशयाच्या मध्यावर असलेल्या होडीला काठ गाठायला तेवढा वेळ पुरत नाही. ‘पाऊस सुरू झाला की परत फिरू’ हा बेत मेमध्ये उपयोगाचा नसतो.

यावर ‘प्रशिक्षित माणसे हवीत’ असे उत्तर हमखास दिले जाते. ते पुरेसे नाही. उजनीच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी, अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे तर सुटकेसाठी आलेली बोटच उलटून १७ जण दगावले. तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. पण अशा वेळी काठावर उभ्या असलेल्या बाईला ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगण्याचे बळ कोणाकडे असते? त्या क्षणी धोक्याचे मोजमाप होतच नाही. भीड, घाई आणि माणुसकी हेच निर्णय घेतात.

मराठवाड्यात ही अडचण अधिक गहिरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच लातूर जिल्ह्यात सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेच्या पुराने वेढलेल्यांना बोटीने बाहेर काढावे लागले आणि घनसरगाव बंधाऱ्यावर अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीकाठच्या रावणगाव, हसनाळ आदी गावांत पाणी शिरले, माणसे दगावली, लष्कराला पाचारण करावे लागले. दुष्काळाची सवय असलेल्या प्रदेशात पाण्याची जाण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली नसते. शिवाय येथील पूर केवळ डोक्यावरच्या ढगावर अवलंबून नाही. आभाळ निरभ्र असतानाही वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की काही तासांत नदीचे रूप पालटते.

कोकणाने या प्रश्नाला निराळे उत्तर शोधले आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांचे प्रजनन हा तिचा एक हेतू, खलाशांचे प्राण हा दुसरा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय नाव लोटायची नाही, ही प्रथा तर कायद्याहून किती जुनी! बंदरावर धोक्याचा बावटा चढला की तांडेलाच्या हिमतीची परीक्षा घेण्याचे कारणच उरत नाही. न जाण्याचा निर्णय शांत डोक्याने आधीच झालेला असतो, त्यामुळे न जाणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. गोदावरी, मांजरा, पैनगंगा यांच्या काठांवर असा बावटा नाही. हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा असतो, पण तो अख्ख्या जिल्ह्यासाठी. करोडीच्या काठावर त्याचा अर्थ काय, हे सांगणारी व्यवस्था नसते. पुलाच्या खांबावर वा घाटाच्या पायरीवर एक ठळक रेघ, तिच्यावर पाणी गेले की होडी बंद, आणि होडीत किती माणसे हे तिच्या कडेवर रंगवलेले, एवढे करायला मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि डबाभर रंग पुरतो.

रेघ ओढून गरज मात्र थांबत नाही, हेही मान्य केले पाहिजे. गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुलांनी वाऱ्याचा वा लाटांचा अंदाज बांधायला हवा होता, असे कोणता शहाणा म्हणेल? त्यांच्यापुढे पाणी ओलांडणे आणि शाळा बुडवणे एवढेच दोन पर्याय होते. तिसरा पर्याय पुलाचा, आणि तो बांधणे त्यांच्या हाती नव्हते.