पोत्यात हात घालून बघ!

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत मामाला आलेला फोन म्हणजे एक तर आंबे हवे असतात, नाही तर वशिला. यंदा वशिला हवा होता.

"मामा, तुम्ही पप्पांना सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

भाचा आता दहावीत गेलाय. घर कोपरखैरण्याला. वडील, म्हणजे आमचे दाजी, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर गाड्या खाली करतात. भाच्याला हवे होते हेडफोन. साधेसुधे नाहीत, बाहेरचा गोंगाट कापणारे. किंमत २६,००० रुपये! दोन वर्षांची दिवाळीची ओवाळणी, बक्षिसाचे पैसे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा असं सगळं मिळून त्यानं ११,४०० रुपये जमवले होते. वरचे १४,६०० वडिलांनी घालावेत, असा साहेबांचा प्रस्ताव.

तुम्ही म्हणाल, "किती हा हट्ट!" मलाही आधी तसंच वाटलं. पण त्याची बाजू ऐकली आणि गप्प बसलो. घर दोन खोल्यांचं. धाकट्या बहिणीचं पाठांतर, आजीचा टीव्ही, शेजारचा मिक्सर, खाली उभ्या टेम्पोचं इंजिन. "मामा, मला गाणी नकोयत हो. मला शांतता हवीय." आता यावर काय बोलणार?

दाजींनी मात्र ना हो म्हटलं, ना नाही. एवढंच म्हणाले, "उद्या पहाटे चल माझ्याबरोबर. तुम्ही पण या."

पहाटेचा वर्ग

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एपीएमसी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं असेल. मुंबईच्या दाटीवाटीतले घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवायचे ठरले, तेव्हा कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली इथं आला. भाजी आणि फळं आली १९९६ साली. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार शेजारी शेजारी. मुंबईकरांच्या ताटात काय पडणार आणि केवढ्याला, ते बरंचसं इथं ठरतं.

गाळ्यावर नाशिक, पुण्याकडून आलेल्या कांद्याची थप्पी लागली होती. एक खरेदीदार आला. पोत्याचं तोंड उघडून वरचे दोन कांदे त्यानं बाजूला केले आणि कोपरापर्यंत हात आत घालून खालचा एक कांदा काढला. दाबला, हुंगला, साल बघितली. मग भाव विचारला.

दाजी भाच्याला म्हणाले, "बघितलंस? वरचा माल कुणीबी चांगला मांडतो. घेणारा खाली हात घालतो. तू त्या हेडफोनच्या पोत्यात हात घातलास का?"

भाचा म्हणाला, "पप्पा, इंटरनेटवर सगळे चांगलंच म्हणतात."

"तो वरचा थर झाला."

पलीकडे बारक्या कांद्याचा ढीग होता. बाजारात त्याला गोल्टी म्हणतात. मोठ्या कांद्यापेक्षा बराच स्वस्त. दाजींनी विचारलं, "हॉटेलवाल्याला ताटात गोल चकत्या मांडायच्यात. त्यानं कुठला घ्यावा?" "मोठा." "आणि भजीवाल्यानं?" भाचा थांबला. मग हसला. भज्यात चिरून पडलेला कांदा मोठ्याचा की गोल्टीचा, कोण ओळखणार? म्हणजे महाग माल वाईट नसतो आणि स्वस्त माल टाकाऊ नसतो. कशासाठी हवाय, ते आधी ठरवायचं असतं.

निघताना फळबाजारात डोकावलो. हंगामाच्या सुरुवातीला हापूसची पहिली पेटी येते तेव्हा तिचा भाव ऐकूनच पोट भरतं. मेअखेरीस तोच हापूस बराच खाली उतरतो. गोडी काही कमी झालेली नसते, फक्त पहिल्यांदा खाण्याचा मान गेलेला असतो. नव्या फोनचं आणि हेडफोनचंही असंच. नवं मॉडेल आलं की कालच्या 'सर्वोत्तम' मॉडेलचा भाव घसरतो. आवाज तोच राहतो.

आजीची परीक्षा

आता पोत्यात हात घालायचा कसा? आम्ही घरीच एक प्रयोग केला. तुम्हालाही जमेल.

तीन हेडफोन जमवले. एक भाच्याचा जुना, ६०० रुपयांचा. एक शेजारच्या ताईचा, २,४०० रुपयांचा, वायरवाला. आणि तिसरा मित्राच्या मोठ्या भावाकडून हातापाया पडून एका दुपारपुरता आणलेला, तोच २६,००० वाला. तिन्हींवरची नावं कागद चिकटवून झाकली आणि अ, ब, क अशी अक्षरं लिहिली. ऐकणारे सहा जण. आजी, बहीण, ताई, दोन मित्र आणि मी. कुणालाच किमती सांगितल्या नव्हत्या. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, तिन्हींवर तेच गाणं ऐकायचं आणि कुठला आवडला ते सांगायचं. (मला तीन किमती ठाऊक होत्या, ताईला तर तिचा हेडफोन स्पर्शानंही कळला असता. म्हणून आम्हा दोघांची मतं कच्ची धरा.)

एक खबरदारी फार महत्त्वाची. तिन्हींचा आवाज सारखा ठेवायचा. मोठा आवाज माणसाला आपोआप 'चांगला' वाटतो. दुकानात ऐकवताना आवाज चढवला की आपण भुलतो ते यामुळंच.

निकाल? 'ब'ला तीन मतं, 'क'ला दोन, 'अ'ला एक. 'अ'चं मत आजीचं. कारण विचारलं तर म्हणाली, "हे हलकं आहे. त्या मोठ्यानं माझे कान आवळले." दोस्तांनो, हसू नका. रोज दोन तास डोक्यावर बसणारी वस्तू आवळत असेल, तर तिचा आवाज कितीही गोड असून उपयोग काय?

सहा जणांच्या मतावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे कबूल. पण शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न तपासलाय. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकानं तब्बल २८३ हेडफोन यंत्रावर मोजले. खालच्या जाड सुरापासून वरच्या बारीक सुरापर्यंत कोणता हेडफोन कसा वाजतो, ते पाहिलं आणि शेजारी किमती मांडल्या. दोन्हींमध्ये त्याला काही मेळ सापडला नाही. किंमत वाढली म्हणून हे सुरांचं गणित सुधारलंच, असं दिसलं नाही.

मग जादा पैसे जातात कुठं? काही खरंच चांगल्या गोष्टींकडे जातात. मजबूत सांधे, मऊ गाद्या, चांगला माइक, गोंगाट कापायची यंत्रणा. काही जातात जाहिरातीत, खोक्यात आणि नावात. आणि काही जातात नुसत्या आकड्यात. खोक्यावर '४०,००० हर्ट्झपर्यंत' असं लिहिलं की आपण भारावतो. पण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि वय वाढेल तशी वरची हद्द खाली येते. त्यापुढचं ऐकायला वटवाघूळ व्हावं लागेल.

पण शांततेचं काय?

भाचा वकिली करायला उठलाच. "मामा, गाण्याचं सोडा. गोंगाट कापण्याचं बघा." बरोबर होतं त्याचं. ही कल्पना नामी आहे. अमर बोस हे अमेरिकेतले प्राध्यापक, त्यांचे वडील बंगालचे. १९७८ साली विमानात बसले असताना इंजिनाच्या घरघरीमुळं त्यांना हेडफोनवर संगीत नीट ऐकू येईना. तिथंच त्यांनी गणितं मांडायला घेतली. पुढं १९८९ साली त्यांच्या कंपनीनं वैमानिकांसाठी गोंगाट कापणारे हेडफोन बाजारात आणले.

हे चालतं कसं? हेडफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो. आतली यंत्रणा त्या आवाजाची नेमकी उलटी लाट तयार करून कानात सोडते. एक लाट वर जाते तेव्हा दुसरी खाली. दोन्ही एकमेकींना खोडतात. झोपाळा एकानं पुढं ढकलावा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी तितक्याच जोरानं मागं, तसं.

पण यात एक मेख आहे. इंजिन, पंखा, एसी यांची एकसुरी घरघर यंत्रणेला छान पकडता येते. माणसाचं बोलणं, कुकरची शिट्टी, भांड्याचा खणखणाट हे क्षणाक्षणाला बदलतात. तिथं यंत्रणा कमी पडते. आम्ही 'क' लावून खिडकीशी उभे राहिलो. खालच्या टेम्पोची घरघर जवळजवळ नाहीशी झाली! भाचा विजयी मुद्रेनं बघत होता. मग घरात आलो. टीव्ही मालिकेतली सासू स्पष्ट ऐकू येत होती.

मी म्हटलं, "तीन दिवस एक वही ठेव. अभ्यास मोडला की कारण लिही."

तीन दिवसांत २१ नोंदी झाल्या. टीव्ही ९ वेळा, बहीण ६ वेळा, मिक्सर ३ वेळा आणि टेम्पो ३ वेळा. म्हणजे २६,००० रुपयांचं यंत्र ज्यात खरं पटाईत, तो त्रास २१ पैकी फक्त ३ वेळा!

एक गोष्ट मात्र महाग हेडफोनच्या बाजूनं सांगायलाच हवी. बाहेर गोंगाट असला की आपण आवाज वाढवत जातो आणि कानाला इजा होते. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मुलांनी ७५ डेसिबलच्या आसपासचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आवाज वाढला की हे तास झपाट्यानं कमी होतात. म्हणून रोज तासभर रेल्वेनं जाणाऱ्या कॉलेजच्या मुलानं गोंगाट कापणारे हेडफोन घेतले, तर ती चैन नाही. तो हॉटेलवाला, त्याला मोठा कांदा हवाच. आमचा भाचा शाळेत चालत जातो.

एका तासाचे किती?

मग आम्ही हिशोब केला. रोज एक तास धरला तर तीन वर्षांत १,०९५ तास. २६,००० भागिले १,०९५, म्हणजे तासाला जवळजवळ २४ रुपये. २,४०० चा हेडफोन वर्षभरात मोडला असं वाईटात वाईट धरलं, तरी तासाला साडेसहा रुपये. आणि बिनवायरच्या हेडफोनची बॅटरी काही वर्षांत दमते. पुष्कळांमध्ये ती बदलताही येत नाही.

भाच्यानं वहीत आकडे लिहिले आणि एकदम विचारलं, "पप्पा, एका पोत्याचे तुम्हाला किती मिळतात?"

दाजी शर्टाची बाही खाली ओढत होते. म्हणाले, "तो हिशोब तुझा नाही. पोती मी उचलतो, तू कशाला मोजतोस? तुला खरंच लागत असंल तर मी घालीन पैसे. गेल्या साली मी बूट घेतले, महागातले घेतले. दिवसभर त्यांच्यावर उभा असतो. लागतं ते महागबी घ्यावं. पण लागतं का, ते तू सांगायचं."

खोलीत कुणी बोललं नाही. मिक्सरसुद्धा बंद होता.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं निर्णय सांगितला. ताईसारखा २,४०० चा वायरवाला, कान पूर्ण झाकणारा. उरलेले ९,००० तसेच बँकेत. आणि एक अट! संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद. आजीनं कुरकुर केली, पण मालिका दुपारी पुन्हा लागते हे तिलाच आधी आठवलं. बहिणीचं पाठांतर स्वयंपाकघरात हललं. नऊ अधिक सहा, पंधरा त्रास एका रुपयात गेले नाहीत, फुकट गेले!

खरेदीला गेलो तेव्हा एक दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल तर १०० कमी करतो." भाचा माझ्याकडे बघायच्या आतच बोलला, "बिल हवंच." शाब्बास! बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसता कागद. माल खोटा निघाला, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर दाद मागायला बिलच लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा अभ्यास. हेडफोन असो, सायकल असो की बूट, मनात भरलेल्या एका महाग वस्तूचं नाव लिहा. ती कशासाठी हवी, ते एका ओळीत लिहा. तीन दिवस नोंदी ठेवा आणि खरंच किती वेळा तिची गरज पडली ते मोजा. मग किमतीला तासांनी भागा. उत्तर 'घ्यावी' असं आलं, तर आईबाबांना ती वही दाखवा. आईबाबांनो, तुम्हीही वही वाचल्याशिवाय 'नाही' म्हणू नका. आणि हो, तुमच्या मोबाइलसाठीही अशीच एक वही घालायला हरकत नाही!

जाता जाता भाच्याच्या घरची ताजी बातमी. हेडफोन येऊन महिना झाला. सात ते नऊ घरात शांतता असते. पण नऊ वाजले की तो भाच्याला मिळत नाही. दाजी जेवून खाटेवर पडतात, डोळे मिटतात आणि हेडफोन लावून जुनी भजनं ऐकतात. आवाज किती ठेवायचा, ते मात्र भाचा बघतो.