दृष्टान्त कोणासाठीं?

श्रावणांत नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांत पोथी लागते. माजघरांत समईपाशीं एकजण वाचतो, बाकीची मंडळी ऐकते. दृष्टान्त आला कीं सर्वांच्या माना डोलूं लागतात. परंतु सासूबाईंना वाटतें, हें सुनेनें नीट ऐकावें. सूनबाईंना वाटतें, हें जाऊबाईंनाच लागू पडतें. आणि कर्ते पुरुष तर सगळ्या जगाला तो दृष्टान्त लावून मोकळे होतात. स्वतःला लावून घेणारा विरळा. आम्हीहि याला अपवाद नाहीं, हें पुढें दिसेलच.

ही तक्रार फार जुनी आहे. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं बाबिलोनांत बंदिवासांत असलेल्या यहुदी लोकांत यहेज्केल नांवाचा संदेष्टा होऊन गेला. त्याच्या हिब्रू ग्रंथांत सांगितलें आहे कीं, गोड गळ्याच्या गवयाचें गाणें ऐकावें तसें लोक त्याचें बोलणें ऐकत. त्याप्रमाणें वागत मात्र नसत. कीर्तन सुटल्यावर बुवांच्या आवाजाचीच तारीफ करीत घरीं परतणाऱ्या आपल्या श्रोत्यांना हें चित्र परकें वाटूं नये.

मग संदेष्टे दृष्टान्त कां देत? दावीद राजानें उरीया नांवाच्या आपल्या योद्ध्याची बायको घेतली आणि त्याला लढाईंत मरावयास धाडिलें. नाथान संदेष्टा राजाकडे गेला. पण दोष न देतां त्यानें एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताजवळ पुष्कळ मेंढरें होतीं. त्याच गांवांतील गरिबाजवळ पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलेली एकच मेंढी होती. पाहुणा आला तेव्हां श्रीमंतानें ती मेंढी ओढून नेली व कापिली. हें ऐकून राजा संतापला आणि असल्या माणसाला देहान्तच योग्य असें बोलला. तेव्हां नाथाननें त्याला दाखवून दिलें कीं, तो श्रीमंत दुसरा कोणी नसून स्वतः राजाच आहे. दुसऱ्याचा न्याय करावयास बसलेल्या माणसाकडून नकळत त्याचाच न्याय करविणें, हें दृष्टान्ताचें खरें काम.

कधीं कधीं दृष्टान्त डोळ्यांनींच ऐकावा लागतो. यिर्मयाला आज्ञा झाली ती कुंभाराच्या घरीं जाण्याची. ईश्वराची वाणी त्याला तेथें ऐकूं यावयाची होती. असाच प्रसंग नांदेडकरांना परिचित अशा दासगणू महाराजांच्या (१८६८–१९६२) चरित्रांत आहे. गोरटें येथें त्यांची समाधि आहे. ईशावास्योपनिषदावर मराठींत लिहितांना त्यांच्या मनाचें समाधान होईना. साईबाबा म्हणाले, पार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरची मोलकरीण शंका फेडील. तेथें गेल्यावर फाटक्या वस्त्रांत भांडीं घांसतांना आनंदानें गाणारी एक पोर त्यांना दिसली. तिला नवी चिरडी देवविली. एक दिवस ती नेसून नाचली, बागडली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच फाटकी वस्त्रें आणि तोच आनंद! जें मिळालें त्यांत सुख मानावें, परधनाचा लोभ धरूं नये, हा उपनिषदाचा अर्थ महाराजांना तेथें उलगडला. विद्वान् कीर्तनकारानें मोलकरणीकडून शिकण्यांत कमीपणा मानला नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

‘श्रीसाईसच्चरिता’च्या विसाव्या अध्यायांत ही कथा आहे. तो अध्याय गेल्या श्रावणांत आमच्या घरीं वाचला गेला. त्या पोरीसाठीं सर्वांचे डोळे पाणावले. वाचन संपलें तेव्हां मागील दारीं आमची भांडीवाली उभी होती. तिचा महिन्याचा पगार आम्ही दोन दिवस ‘उद्यां’वर ढकलीत होतों. तिनेंहि पोथी ऐकली होती. पण ती कांहींच बोलली नाहीं. आम्ही पोथी बांधूं लागलों तोंच आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अजून बांधूं नकोस. आधीं तिचे पैसे दे.”

आम्ही खालमानेनें उठलों. ईश्वराचें ऐकणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं थोडेंसें कळलें. आमच्या वाचकांनीं एवढेंच करून पाहावें : दृष्टान्त ऐकतांना जें माणूस प्रथम डोळ्यांपुढें येईल, त्याला बाजूला सारून त्याच्या जागीं आपण उभें राहावें.